स्क्रीन काळी, बोर्डवर ५५

प्रश्न: देवगडच्या आमच्या पतसंस्थेतला सर्व्हर गणपतीच्या सुट्टीत बंद होता. सुट्टी संपल्यावर चालू केला तर पंखे फिरतात, स्क्रीन मात्र काळी. मेकॅनिकने झाकण काढलं तेव्हा मी शेजारीच उभी होते. मदरबोर्डवर लाल आकड्यांची छोटी खिडकी आहे. तिथे आकडे भराभर बदलतात आणि ५५ वर थांबतात. तो म्हणतो, बोर्ड गेला, नवा घ्या. घ्यावा का?

उत्तर: ताई, एवढ्यात मुळीच नाही. आकडे बदलतायत म्हणजे प्रोसेसर चालतोय आणि फर्मवेअर (बोर्डवरच्या चिपमधला, मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम) कामाला लागलंय. बोर्ड पार गेला असता तर बहुधा ०० नाहीतर एफएफ दिसलं असतं, किंवा खिडकी कोरीच राहिली असती.

फर्मवेअर एकेक टप्पा हाती घेताना त्याचा क्रमांक पोर्ट ८० या ठरलेल्या पत्त्यावर लिहितं आणि तोच त्या खिडकीत दिसतो. १९८४ च्या आयबीएम पीसी-एटीपासूनची ही पद्धत. त्यामुळे अडकलेला आकडा गाडी कुठे अडली ते सांगतो, कोणता भाग बिघडला ते नाही. एएमआय या कंपनीच्या ॲप्टिओ फर्मवेअरमध्ये ५५ म्हणजे मेमरी बसवलेली नाही. दुसऱ्या फर्मवेअरमध्ये अर्थ वेगळा निघेल, म्हणून तुमच्याच बोर्डच्या मॅन्युअलमधला तक्ता बघा. आणि खिडकीचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या, कारण ५५ च्या आधी काय येऊन गेलं तेही महत्त्वाचं. या क्रमांकांत ए ते एफ ही अक्षरंही येतात. त्या खिडकीत इंग्रजी बी लहान लिपीतला उमटतो आणि ६ सारखाच दिसतो. ६ च्या डोक्यावर आडवी रेघ असते, बी ला नसते.

आता मेमरी. आपल्याकडची खारी, दमट हवा आणि पावसाळ्यात बंद पडून राहिलेलं मशीन, यात मेमरीच्या पट्टीच्या सोनेरी दातांवर पुटं चढतात. माझा पहिला संशय तिथेच आहे. पॉवरची वायर काढा (दोन सप्लाय असतील तर दोन्ही), सगळ्या पट्ट्या काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने दात हलकेच पुसा, पूर्ण वाळू द्या. खोडरबर नको. आपल्याकडे सर्रास वापरतात, पण त्याने सोन्याचा पातळ मुलामा झिजतो. मग एकच पट्टी, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या पहिल्या स्लॉटमध्ये, दोन्ही कड्या टक् वाजेपर्यंत दाबून बसवा. चालू केल्यावर काही मिनिटं थांबा. मेमरी बदलली की सर्व्हर ती नव्याने जुळवून घेतो, तेवढ्यात बटण दाबून बंद करू नका.

तरीही ५५ च आला तर दुसरी पट्टी लावून बघा. सगळ्याच पट्ट्यांना ५५ येत असेल तर प्रोसेसरच्या सॉकेटमधली एखादी पिन वाकली आहे का ते तपासायला सांगा. कारण मेमरीचा कंट्रोलर, म्हणजे मेमरी चालवणारा भाग, हल्ली प्रोसेसरमध्येच असतो. बोर्डवर बीएमसी (सर्व्हरवर लक्ष ठेवणारी वेगळी छोटी चिप) असेल तर त्याची नोंदवहीही काढायला लावा. सर्व्हर सुरू होत नसला तरी वायरला वीज आहे तोवर बीएमसी चालू असतो आणि पुष्कळदा कोणत्या स्लॉटची तक्रार आहे ते नावानिशी लिहून ठेवतो. एवढं सगळं होईपर्यंत नव्या बोर्डच्या कोटेशनवर सही करू नका.