मुलगी केस उपटते, खान्देशात कुठे दाखवावं?

तुमची तेरा वर्षांची मुलगी केस उपटते, तालुक्याच्या डॉक्टरांनी चाई समजून तेल दिलंय आणि आता कुठे जावं ते तुम्ही विचारलंय. आमच्या घरात अगदी हेच झालं, म्हणून लिहिते.

माझी लेक तेव्हा नववीत. उशीवर केस सापडायचे, मुळासकट. आम्हीही चाईच समजलो. आधी कातडीचे डॉक्टर, मग होमिओपॅथी. सासूबाईंचं एकच, "पोरले कोनी नजर लागनी." म्हणून भगतही झाला, दंडाला काळा दोरा आला. सात-आठ महिने गेले आणि एवढ्या लोकांत एकानेही तिला विचारलं नाही की बाई, केस गळतात की तू ओढतेस? ते विचारलं शाळेत मुलांची आरोग्य तपासणी करणाऱ्या पथकातल्या मॅडमनी. हे पथक शाळेत वर्षातून एकदाच येतं, त्यामुळे आमचं नशीबच म्हणायचं.

त्यांची चिठ्ठी घेऊन दोन एसटी बदलून सरकारी दवाखान्यात गेलो. (कुठला ते लिहीत नाही.) मुलांची वेगळी ओपीडी नाही. बाकावर शेजारी दारू सोडवायला आणलेला माणूस. आत गेलो तर दार उघडंच, पुढचा पेशंट आमच्या पाठीशी उभा. डॉक्टर माणूस म्हणून चांगले, पण बाहेर रांग केवढी! झोप, जेवण, पाळी, सगळं त्यांनी मलाच विचारलं. लेक ओढणीच्या टोकाचे दोरे काढत बसली होती. पाच मिनिटांत गोळ्या लिहून मोकळे.

या सवयीवर मुख्य उपचार गोळ्यांचा नाहीच, हे नंतर कळलं. हात केसांकडे कधी जातो ते मुलीने स्वतः ओळखायचं आणि तेवढ्यात मूठ आवळायची किंवा हाताला दुसरं काम द्यायचं. हे कुणीतरी बसून शिकवावं लागतं, आणि शिकवणाऱ्याची जागा तिथे रिकामी होती.

तेव्हा तुम्ही असं करा. धुळे, जळगाव, नंदुरबार, तिन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे. जवळचं असेल तिथल्या मानसोपचार विभागात आधी चौकशी करा, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट (म्हणजे गोळ्या न देता बसून हे शिकवणारे) आहेत का आणि कोणत्या वारी बसतात. त्याच वारी जा, नाहीतर भाडं आणि शाळेचा दिवस दोन्ही वाया. मनोरुग्णालयाच्या नावाने कुणी घाबरवलं तर लक्ष देऊ नका. राज्याची ती जुनी चार रुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरीला आहेत, आणि यासाठी तिथे कुणी ठेवत नाही.

तोवर १४४१६ ला फोन लावा. टेलिमानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. फोन मुलीच्याच हातात द्या. माझ्या लेकीने मला गच्चीवरून खाली पाठवलं आणि वीस मिनिटं बोलली. काय बोलली ते मी अजून विचारलेलं नाही.

आणि हो, ती केस गिळते का तेवढं बघा. पोट दुखत असेल, उलट्या होत असतील तर पोटात केसांचा गोळा झालेला असू शकतो. मग कुठल्याही वाराची वाट बघू नका, लगेच दवाखान्यात न्या.