वाचक विचारतात: रूटवाल्या फोनात पहिल्यांदा रॉम टाकायचाय

प्रश्न: मी सेलूचा, जिल्हा परभणी. संभाजीनगरहून सेकंडहँड शाओमीचा पोको एफ१ घेतला, विकणाऱ्यानं आधीच रूट (सिस्टिमवर पूर्ण ताबा) करून दिलाय, मॅजिस्क (रूटचं अ‍ॅप) आहे अन् टीडब्ल्यूआरपी (बाहेरची रिकव्हरी, म्हणजे फोन चालू न करता सिस्टिम टाकायची-पुसायची स्क्रीन) पण आहे. एमआययूआय (कंपनीची सिस्टिम) लै जड झालंय म्हणून लिनिएजओएस हा कस्टम रॉम (कंपनीबाहेरची अँड्रॉइड सिस्टिम) टाकायचंय, पण याआधी कधीच टाकलं नाही. रूट आहे तर डायरेक्ट रॉमची झिप फ्लॅश केली (फोनात टाकली) तं चालतं का? डेटा जाईल का? फोनपे चालंल का? अन् एक मित्र म्हणतो की शेवटी बूटलोडर (फोन चालू होताना सिस्टिम सुरू करणारं कुलूप) परत लॉक करावाच लागतो, खरंय का?

उत्तर: भाऊ, मित्राचं ऐकू नका, आधी तेच सांगतो कारण चांगले चांगले फोन तिथंच मरतात. कस्टम रॉम असताना शाओमीचा बूटलोडर लॉक केला की स्क्रीनवर सिस्टिम डिस्ट्रॉइड असा मेसेज येतो अन् मग दुकानाच्या चकरा. उद्या कंपनीच्या रॉमवर परत जायची वेळ आली अन् कॉम्प्युटरवर मी फ्लॅश (शाओमीचं रॉम टाकायचं सॉफ्टवेअर) उघडलं, तर त्यात खाली क्लीन ऑल अँड लॉक हा पर्याय आधीच निवडलेला असतो, तो बदलून नुसतं क्लीन ऑल करायचं. घाईत कोणी तिकडं बघतच नाही.

आता रूटचं. रॉम टाकायला रूट लागत नाही, लागतो तो अनलॉक बूटलोडर. तुमच्यात मॅजिस्क चालतंय म्हणजे तो अनलॉक असणारच, तरी फोन चालू होताना लोगोखाली अनलॉक्ड लिहून येतं का बघा. नवीन रॉम स्वतःची बूट इमेज (फोन सुरू करणारा भाग, रूट त्यातच बसतं) घेऊन येतो त्यामुळं जुनं रूट आपोआप जातं, पाहिजेच असेल तर नंतर मॅजिस्क परत टाका. माझं मत विचाराल तर पहिले काही दिवस नका टाकू, काही बिघडलं तर रॉममुळं का रूटमुळं हे कळत नाही.

डेटा जाणार, पूर्ण जाणार, फोटो-व्हॉट्सअ‍ॅप सगळं. इथं नवखी पोरं हमखास फसतात, बॅकअप घेतात अन् तो फोनच्याच मेमरीत ठेवतात, मग फॉरमॅट डेटा मारलं की बॅकअपही साफ. तुमच्या फोनात मेमरी कार्ड बसतं, कार्डावर घ्या नाहीतर कॉम्प्युटरवर काढा. टीडब्ल्यूआरपी आहेच तर त्यातून ईएफएस अन् परसिस्ट या दोन पार्टिशनचा (मेमरीतल्या कप्प्यांचा) बॅकअप नक्की घेऊन ठेवा. ईएफएस बिघडलं तर आयएमईआय (फोनचा ओळख नंबर) उडतो अन् नेटवर्क जातं. *#०६# दाबून आयएमईआय वहीत लिहा, रॉम टाकल्यावर ताडून बघा.

रॉम घेताना मॉडेलच्या नावावर जाऊ नका. जमीन घेताना आपण गट नंबर बघतो तसा इथं कोडनेम बघायचा, तुमच्या फोनचा बेरिलियम. दुसऱ्या कोडनेमची फाइल असली तर रिकव्हरी बहुतेक वेळा नाही म्हणते, तिनं अडवलं नाही तर मात्र वाट लागते. अन् आधी कंपनीची अँड्रॉइड १० वाली शेवटची एमआययूआय फोनात आहे ना ते बघून घ्या, कारण मोडेम (नेटवर्कचा भाग) वगैरेचं फर्मवेअर, म्हणजे ते भाग चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, तिथूनच येतं.

मग कामाला लागा. लॅपटॉप असेल तर बरं, डेस्कटॉपला इन्व्हर्टर नसेल अन् मधेच लाईट गेली की पंचाईत. फोनची बॅटरी निम्म्याच्या वर ठेवा, केबल डेटावाली घ्या, चार्जिंगपुरत्या केबलवर कॉम्प्युटरला फोन दिसणारच नाही. फास्टबूटमधून (केबल लावून कॉम्प्युटरवरून फाइल टाकायचा मोड) लिनिएजची रिकव्हरी फ्लॅश करा अन् लगेच आवाज वाढवायचं बटन आणि पॉवर धरून सरळ रिकव्हरीत जा, मधे फोन नॉर्मल चालू झाला तर जुनी सिस्टिम रिकव्हरी बदलून टाकू शकते. तिथं फॉरमॅट डेटा, मग एडीबी साइडलोड, म्हणजे कॉम्प्युटरवरून केबलनं रॉमची झिप पाठवायची. कॉम्प्युटरवर आकडा ४७ टक्क्यांवर थांबला तर घाबरून केबल उपटू नका, बऱ्याचदा काम तिथंच पूर्ण झालेलं असतं, फोनची स्क्रीन बघा. गुगलचं प्ले स्टोअर पाहिजे तर गॅप्सची (गुगलच्या अ‍ॅपची) झिप आत्ताच, फोन पहिल्यांदा चालू करायच्या आधी टाकायची. सही जुळत नाही असा इशारा येईल, येऊ द्या, यस करा.

फोनपेची गॅरंटी कोणी देऊ शकत नाही. अनलॉक बूटलोडर दिसला की बँकेचं कुठलं अ‍ॅप चालतं, कुठलं अडतं, अन् आज चालणारं उद्या अपडेटनंतर अडू शकतं. घरात दुसरा फोन असेल तर पैशाचं सगळं त्याच्यावर ठेवा. त्याहून मोठी गोष्ट जिओची. जिओला २जी-३जी नाहीच, कॉल फक्त व्होल्टीवर (४जी नेटवर्कवरून), म्हणून सिम टाकून पहिला कॉल घरी लावून बघा अन् मगच अ‍ॅप भरायला बसा.

प्रश्न: औशाहून विचारतो, रेडमीत रॉम टाकला, तासभर झालं नुसतं गोल फिरतंय. बंद करू का?

उत्तर: करा. पहिल्यांदा चालू व्हायला वेळ लागतो पण १५ मिनिटांच्या वर नाही. तुम्ही बहुतेक नुसतं वाइप केलंय, फॉरमॅट डेटा नाही, अन् जुन्या सिस्टिमचं एन्क्रिप्शन तसंच राहिलंय. रिकव्हरीत जाऊन फॉरमॅट डेटा करा. टीडब्ल्यूआरपी असेल तर तिथं यस टाइप करावं लागतं, नुसतं स्वाइप केलं म्हणजे फॉरमॅट झालं नाही.

प्रश्न: व्हिवोच्या फोनात असंच करता येईल का? अंबडला एकजण पैसे घेऊन करून देतो म्हणतो.

उत्तर: व्हिवो सामान्य गिऱ्हाइकाला बूटलोडर अनलॉक करायची सोय देत नाही. पैसे देऊ नका.