वाचकांचे प्रश्न : नखे करून घ्यायला जावे का?

प्रश्न : पुढच्या महिन्यात धाकट्या नणंदेचे लग्न आहे. सगळ्या जणी नेल सलूनमध्ये जाऊन जेल नखे करून घेणार आहेत. माझे कोरोना लशीचे दोन्ही डोस झाले आहेत, परंतु घरी ७२ वर्षांच्या मधुमेही सासूबाई आहेत आणि त्यांचा एकच डोस झाला आहे. सलूनमधील मुलगी म्हणते की त्यांची सगळी हत्यारे निळ्या दिव्याच्या पेटीत निर्जंतुक होतात. एवढे पुरेसे आहे का?
– एक वाचक, ठाणे (ऑगस्ट २०२१)

उत्तर : आपण हत्यारांविषयी विचारले आहे आणि बहुतेक जणी तेच विचारतात, परंतु कोरोनाचा धोका कातरीपेक्षा टेबलापलीकडे बसलेल्या व्यक्तीच्या श्वासात अधिक असतो. केस कापणारा बराच वेळ पाठीमागे तरी उभा असतो. नखांच्या टेबलाशी मात्र दोघी समोरासमोर, हातभर अंतरावर, तास-दीड तास बसतात आणि बोलतातही. मोठे थेंब दोन मीटरच्या आत खाली पडत असले तरी सूक्ष्म तुषार हवेतून १० मीटरपर्यंत जाऊ शकतात, असे केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने मे २०२१ मध्येच सांगितले आहे. त्यामुळे ऑगस्ट २०२१ च्या सुरुवातीला राज्य सरकारने ब्युटी पार्लरांना घातलेली, वातानुकूलन बंद ठेवण्याची आणि निम्म्या क्षमतेची अट उकाड्यात जाचक वाटली, तरी तिला अर्थ होता.

मास्कचा उपयोग होतो, याचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. मे २०२० मध्ये अमेरिकेतील मिसुरी राज्यातल्या स्प्रिंगफील्ड येथे दोन बाधित केशकर्तनकारांनी लक्षणे असताना १३९ गिऱ्हाइकांची कामे केली. दोघांनी मास्क लावले होते आणि गिऱ्हाइकांनाही ते सक्तीचे होते. चाचणी झालेल्या ६७ जणांपैकी एकही बाधित निघाला नाही. मात्र बाकीच्यांची चाचणी झालीच नाही, आणि ती कामे पंधरा मिनिटांपासून पाऊण तासापर्यंतची होती, हे विसरू नये.

सलूनमध्ये पाऊल टाकताच ॲसिटोनचा (नेलपॉलिश काढण्याच्या द्रावणाचा) वास कोंडलेला जाणवला, तर तिथली हवा खेळती नाही असे समजून परत फिरावे. वास आला नाही म्हणजे हवा सुरक्षित आहे, असा उलट अर्थ मात्र काढू नये. एन-९५ मास्कमधूनही ॲसिटोनची वाफ आत येते, म्हणून वैतागून अनेक जणी तो नाकाखाली ओढतात, आणि नेमके तेच टाळायचे आहे. टेबलावरचा छोटा पंखा त्या मुलीच्या तोंडावरून आपल्याकडे वारा सोडत असेल, तर तो खिडकीच्या दिशेने फिरवायला सांगावे. यात संकोच कसला? हातांना लावलेले सॅनिटायझर पूर्ण वाळल्यावरच जेल सुकवणाऱ्या दिव्याखाली हात घालावा.

आता निळ्या दिव्याच्या, म्हणजे अतिनील किरणांच्या, पेटीविषयी. तिचा प्रकाश पडेल तेवढ्याच पृष्ठभागावर काम करतो. कातरीच्या सांध्यात आणि मळाखाली तो पोहोचत नाही. धातूची हत्यारे धुऊन ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसवर, दाबाखालील वाफेत किमान १५ मिनिटे ठेवली जातात का, हे विचारावे. कानस, बफर (नखांना चकाकी आणणारा ठोकळा) आणि लाकडी काडी आपली आपण न्यावी. नखाच्या मुळाशी असलेली त्वचा कापू देऊ नये, कारण त्या जखमेतून नखुरडे होते. हा त्रास कोरोनाच्या आधीपासूनचा आहे. सासूबाईंना मधुमेह असल्याने त्यांच्या पायांची नखे मात्र तिथे मुळीच करून घेऊ नयेत.

आमचे मत विचाराल, तर सासूबाईंचा दुसरा डोस होऊन दोन आठवडे उलटेपर्यंत घरीच साधे नेलपॉलिश लावावे. जायचेच असेल, तर सकाळची पहिली वेळ घ्यावी आणि लग्नाच्या आदल्या दिवशी न जाता आठ-दहा दिवस आधी जावे. लक्षणे साधारणपणे पाच-सहा दिवसांत दिसतात, त्यामुळे काही झालेच तर ते मांडवात जाण्यापूर्वी कळण्याची शक्यता वाढते. जेल एरवीही दोन आठवडे टिकते.

प्रश्न : नेलपॉलिश लावलेले असताना ऑक्सिमीटर चुकीचा आकडा दाखवतो, हे खरे आहे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दाखवू शकतो. हे यंत्र लाल आणि अवरक्त प्रकाश बोटातून आरपार पाठवून रक्तातील ऑक्सिजनचे मोजमाप करते. गडद रंग किंवा कृत्रिम नख त्या प्रकाशाच्या आड येते. ९४ च्या खालचा आकडा दिसला की डॉक्टरांना कळवायचे असते, तेव्हा त्याच्याबाबत शंका असणे परवडत नाही. दोन्ही हातांची मधली बोटे न रंगवता ठेवावीत. लग्नाच्या फोटोत ती कोणी मोजत नाही.