इंग्लंडमधल्या हेप्टनस्टॉलचं मेथडिस्ट चॅपल आठकोनी का आहे?

मुख्य कारण जॉन वेस्ली, म्हणजे मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचे संस्थापक. त्यांनी 1757 मध्ये नॉर्विचचं आठकोनी प्रार्थनागृह पाहिलं आणि ते त्यांना फारच आवडलं. पुढे मेथडिस्टांच्या नियमांतच आलं, की जागा असेल तर प्रवचनगृह आठकोनीच बांधा. प्रवचन हाच मुख्य कार्यक्रम असल्यावर सगळे वक्त्याच्या जवळ बसतील असा आकार सोयीचाच.

हेप्टनस्टॉल हे यॉर्कशरमधलं डोंगरमाथ्यावरचं, हातमागावर लोकर विणणाऱ्यांचं गाव. चॅपल 1764 चं. काम अर्धवट असतानाच, नुसत्या भिंती उभ्या असताना, वेस्लींनी तिथे प्रवचन दिलं. छपराची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे: ते रॉदरहॅमला तयार झालं आणि सुटे भाग घोड्यांच्या पाठीवर लादून डोंगर ओलांडून आणले, असं सांगतात. तिथला चढ पाहिला की त्या घोड्यांची कीव येते!

आज मात्र आठही बाजू सारख्या दिसणार नाहीत. माणसं मावेनात म्हणून 1802 मध्ये इमारत वाढवली, तेव्हा अष्टकोन लांबट झाला. ‘जगातलं सर्वांत जुनं मेथडिस्ट चॅपल’ असं कुठे वाचलंत तर जरा जपून. ब्रिस्टलचं ‘न्यू रूम’ हे मेथडिस्ट चॅपल 1739 चं आहे.