अडकलेली कॅसेट आणि भंडाऱ्याने धरलेली झूम रिंग

प्रश्न : वडिलांच्या षष्ट्यब्दीची मिनीडीव्ही कॅसेट जुन्या हॅंडीकॅममध्ये अडकली आहे. इजेक्ट दाबलं की घर्रकन आवाज येतो, झाकण अर्धवट उघडतं आणि सगळं बंद पडतं. पक्कडीने ओढू का? (अंबाजोगाई)

पक्कड आधी लांब ठेवा. कॅसेट हाताशी दिसत असली, तरी आतली टेप अजून हेड ड्रमभोवती, म्हणजे टेप वाचणाऱ्या हेडच्या फिरत्या नळकांड्याभोवती, गुंडाळलेली असू शकते. जेमतेम ६.३५ मिलिमीटर रुंदीची टेप ती. ओढलीत तर चुरगळेल, आणि सोबत हेडही जाईल.

बॅटरी काढून अ‍ॅडॉप्टर लावा. वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या बॅटरीत मोटर फिरवण्याइतका जीव राहत नाही, बरेचदा दुखणं तेवढंच असतं. काही मॉडेलमध्ये कॅसेट खालून निघते. असा कॅमेरा टेबलावर किंवा ट्रायपॉडवर असेल तर झाकण उघडणार कुठून? हातात धरून इजेक्ट दाबा. कप्पा आपोआप बाहेर येऊ द्या, मध्ये बोट घालू नका.

तरीही नाहीच निघाली, तर कारागिराकडे न्या. तो कव्हर काढून लोडिंग मोटरचा (टेप ड्रमभोवती गुंडाळणाऱ्या मोटरचा) गिअर हाताने हळूहळू उलटा फिरवतो, मग रीळ फिरवून सैल टेप कॅसेटमध्ये घेतो. त्याला एवढं मात्र ठणकावून सांगा : कॅमेरा गेला तरी चालेल, टेप वाचव. टेप दुसऱ्या मशीनवर चालवता येते.

प्रश्न : माळेगावच्या यात्रेत शूटिंग केल्यापासून झूम रिंग करकरते, मध्येच अडते. शिवणयंत्राचं तेल सोडलं तर? (लोहा)

नको! खंडोबाचा भंडारा म्हणजे हळदीची बारीक पूड. ती रिंगच्या फटीत बसली आहे. तेल सोडलंत तर तिचा लगदा होईल, आणि तेल पसरत अ‍ॅपर्चरच्या, म्हणजे आत येणारा प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या, पात्यांवर गेलं की तीही चिकटतील. रिंगची फट खाली येईल अशी लेन्स धरा, मऊ कोरड्या ब्रशने पूड झाडा, हाताच्या रबरी ब्लोअरने हवा मारा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारून आणणारे बहाद्दरही आहेत. त्या हवेत पाणी आणि तेल दोन्ही असतं. करकर थांबली नाही, तर रिंग जोराने फिरवत बसू नका. लेन्स उघडून साफ करावी लागेल. पुढच्या यात्रेला रेनकव्हर घालून जा, ऊन असलं तरी.

प्रश्न : ट्रायपॉडचं पॅन (कॅमेरा डावी-उजवीकडे फिरवणं) घट्ट झालं म्हणून डब्ल्यूडी-४० मारलं. आता फिरतं, पण झटके देत. (जालना)

फ्लुइड हेडची, म्हणजे ट्रायपॉडच्या ज्या माथ्यावर कॅमेरा बसतो त्याची, मऊ चाल आतल्या घट्ट ग्रीसमुळे असते. स्प्रेने तेच पातळ केलं. आता हेड उघडून पुसायचं आणि योग्य ग्रीस भरायचं, दुसरा इलाज नाही. पॅन घट्ट वाटलं की आधी लॉकचा स्क्रू पूर्ण सैल आहे का ते बघत जा.

प्रश्न : यूव्ही फिल्टर लेन्सवर गच्च बसला आहे. (परभणी)

चिमटीत जोराने दाबलात तर कडा वाकून तो आणखी आवळतो. सायकलच्या जुन्या ट्यूबची स्वच्छ पट्टी कडेभोवती गुंडाळा आणि सगळ्या बोटांनी सारखा, हलका दाब देत फिरवा.