लिनक्सवर एका फोल्डरमधील बदल दुसऱ्या फोल्डरमध्ये आपोआप कसे उतरवावेत?

आपण विचारले आहे की, उबंटू या लिनक्सवरील एका फोल्डरमध्ये फाइल आली, बदलली किंवा पुसली गेली, की दुसऱ्या फोल्डरमध्येही त्याच क्षणी, हात न लावता, तेच घडावे. यासाठी काय करावे? ‘पुसली गेली’ हे शब्द प्रश्नात नसते, तर ‘एलसिंकडी बसवा’ (फोल्डरातील बदल पाहून आपोआप नक्कल करणारा प्रोग्राम) एवढे सांगून मी पुढे गेलो असतो. ते आहेत म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

बेळगावात शहापूर भागात आमचा छोटा छापखाना आहे आणि लग्नपत्रिका हे आमचे निम्म्याहून अधिक काम आहे. या भागातील पत्रिका म्हणजे दुहेरी उस्तवार. मुलगा येळ्ळूरचा आणि मुलगी बैलहोंगलची असली, की एका बाजूला मराठी मजकूर आणि दुसऱ्या बाजूला कानडी. मला कानडी वाचता येते, पण टाइप करण्याचा हात नाही. त्यासाठी एक मुलगा संध्याकाळी दोन तास येऊन जातो. त्यामुळे तयार झालेली फाइल गेली, तर दोन भाषांतील मुद्रितशोधन पुन्हा आणि दोन्ही घरांतील वडीलधाऱ्यांची संमतीही पुन्हा घ्यावी लागते. हा धोका ओळखूनच मी विंडोजच्या दोन संगणकांवरील काम सांबामार्फत, म्हणजे विंडोजला लिनक्सवरील फोल्डर वापरू देणाऱ्या सोयीने, एका उबंटूच्या यंत्रावर साठवायला लावले, त्यात कामासाठी स्वतंत्र हार्ड डिस्क बसवली आणि तिचा आरसा म्हणून एक यूएसबी डिस्क जोडली. यंत्र सुरू होताच एक स्क्रिप्ट आधी आरसिंक (एका फोल्डरातील फरक तेवढे दुसऱ्यात उतरवणारी आज्ञा) चालवी आणि मग इनोटिफायवेट (फोल्डरात बदल होण्याची वाट पाहणारी आज्ञा) लावून बसे. कोणत्याही फोल्डरात काही हलले, की पुन्हा आरसिंक. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या राहाव्यात म्हणून मूळ फोल्डरात नसलेली फाइल नकलेतूनही पुसणारा ‘--डिलीट’ हा पर्याय मी हौसेने घातला होता.

आमचे दाजी हुबळीला संगणकाचेच काम करतात. त्यांनी स्क्रिप्ट पाहून तेव्हाच म्हटले होते, “ते डिलीट तेवढं काढून टाक की. आणि हे सारखं सारखं कशाला, रात्री दोनला क्रॉनवर टाक.” क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी आज्ञा चालवणारी लिनक्सची सोय. मी त्यांना ऐकवले की, मग त्याला आरसा कशाला म्हणायचे?

२०१८ च्या तुळशीच्या लग्नानंतरच्या ऐन हंगामात एका रात्री वीज चार-पाच वेळा गेली आणि आली. यूपीएसच्या बॅटरीने आधीच मान टाकली होती. सकाळी यंत्र सुरू झाले, पण कामाची डिस्क उठली नाही. डिस्कच्या अडचणीमुळे यंत्र सुरू होताना अडून राहू नये म्हणून मी एफएसटॅबमध्ये, म्हणजे कोणती डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या फाइलीत, ‘नोफेल’ लिहून ठेवले होते. ते त्याने इमानाने पाळले. डिस्क जोडली गेली नाही, की तिच्या जागी उरतो तो माउंटपॉइंटचा, म्हणजे डिस्क ज्यावर जोडली जाते तो, रिकामा फोल्डर. माझ्या स्क्रिप्टने त्या रिकाम्या फोल्डरालाच मूळ मानले आणि त्याच्याशी तंतोतंत जुळावे म्हणून यूएसबी डिस्कवरील चार वर्षांच्या पत्रिका पुसून टाकल्या. आरसिंकला वाचताना चूक आढळली असती, तर त्याने पुसणे थांबवले असते; पण रिकामा फोल्डर वाचण्यात चूक कसली? मी दुकानासमोर चहा घेत होतो तेवढ्यात हे सारे उरकले होते.

पुसलेल्या फाइली शोधणारा फोटोरेक हा प्रोग्राम चालवल्यावर काही फाइली मिळाल्या, पण नावांशिवाय. हातातल्या एकतीस पत्रिका आम्ही पुन्हा जुळवल्या, त्या वडिलांच्या कृपेने. शिशाचे खिळे जुळवून छपाई होई त्या काळापासून ते प्रत्येक कामाचा एक छापील नमुना तारेला अडकवून ठेवतात आणि त्या सवयीला मी अनेकदा हसलो होतो. कानडीचा मुलगा त्या आठवड्यात रोज रात्री अकरापर्यंत बसला.

तेव्हापासून घरात कोणतेही कार्य असले, की जेवताना दाजी क्रॉनचा विषय काढतातच. त्यांचे अर्धे म्हणणे मला मान्य आहे, ते डिलीटपुरते. उरलेले अर्धे साफ चुकीचे आहे. क्रॉनमध्येही ‘--डिलीट’ असते, तर जे सकाळी आठला घडले ते रात्री दोनला घडले असते. दोष वेगाचा नव्हता. उलट रात्री एकदाच नक्कल काढणाऱ्याची डिस्क हंगामात संध्याकाळी सात वाजता गेली, तर संपूर्ण दिवसाचे काम जाते. म्हणून माझे ठाम मत असे की, नवी किंवा बदललेली फाइल तत्काळ पलीकडे जावी, पण पुसणे कधीही त्याच वेगाने होऊ देऊ नये. आमच्याकडे आता पुसलेल्या फाइली महिन्यातून एकदा मी स्वतः यादी पाहून काढतो.

आता आपल्या कामाचे. इनोटिफायवेटची स्क्रिप्ट शिकण्यापुरती ठीक आहे. एकदा थांबून मग आरसिंक चालवणाऱ्या साध्या चक्रात, आरसिंक चालू असताना झालेला बदल निसटतो आणि पुढचा बदल होईपर्यंत तसाच राहतो. शिवाय केवळ फाइल लिहून बंद झाल्याची घटना पाहू नका, कारण अनेक प्रोग्राम तात्पुरत्या नावाने लिहून शेवटी नाव बदलतात. एलसिंकडी या दोन्ही गोष्टी सांभाळते. ते बदल गोळा करून, वेगळे सांगितले नसल्यास पंधरा सेकंदांनी आरसिंकला देते. ‘त्याच क्षणी’ याचा व्यवहारात एवढाच अर्थ घ्यावा. मात्र त्यात पुसणे मुळातच चालू असते आणि सुरू होताच ते संपूर्ण फोल्डर जुळवून घेते, म्हणजे माझी फजिती त्यात आयती तयार आहे. सेटिंगमध्ये डिलीट ‘फॉल्स’ करा.

पुसणे हवेच असेल, तर आरसिंकचा ‘--बॅकअप-डीआयआर’ वापरून पुसल्या जाणाऱ्या फाइली त्याच डिस्कवरील, पण आरशाबाहेरच्या, तारखेच्या फोल्डरात हलवा. मूळ म्हणून माउंटपॉइंट कधीही देऊ नका, त्याच्या आतला फोल्डर द्या. डिस्क जोडलेली नसेल, तर तो फोल्डरच सापडणार नाही आणि आरसिंक काहीही न पुसता तक्रार करून थांबेल. हा एक शब्दाचा बदल मला तेव्हा सुचला असता, तर दाजींना विषयच उरला नसता.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. दोन्ही फोल्डर एकाच डिस्कवर असतील आणि केवळ दोन ठिकाणांहून तीच फाइल दिसावी एवढाच हेतू असेल, तर नक्कल नकोच, तोच फोल्डर दुसऱ्या ठिकाणीही दाखवणारा बाइंड माउंट पुरेसा आहे. दोन्ही बाजूंनी बदल होणार असतील, तर वरील काहीही उपयोगाचे नाही. युनिसन किंवा सिंकथिंग हे दुतर्फा जुळवणारे प्रोग्राम पाहा. इनोटिफाय (इनोटिफायवेट आणि एलसिंकडी ज्यावर चालतात ती लिनक्सची सोय) प्रत्येक उपफोल्डरावर वेगळी नजर ठेवते आणि जुन्या कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, अशा नजरांची मर्यादा बहुधा ८१९२ असे. ती संपली, की डिस्क अर्धी रिकामी असतानाही ‘जागा शिल्लक नाही’ असा फसवा संदेश येऊ शकतो, तेव्हा ‘मॅक्स युजर वॉचेस’ हे त्या मर्यादेचे सेटिंग वाढवावे. आणि आपला मूळ फोल्डर दुसऱ्या यंत्रावरून नेटवर्कमार्फत, एनएफएस किंवा सांबाने, जोडलेला असेल, तर त्या यंत्रावर झालेले बदल इनोटिफायला दिसतच नाहीत. तेवढ्या एका बाबतीत मात्र क्रॉनच लावावा लागेल.