अँग्झायटीची गोळी तीन आठवडे चालू आहे. सवय लागेल या भीतीने बंद करू का?

उद्यापासून स्वतःच्या मनाने बंद करू नका. हे आधी सांगतो, बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

मी डॉक्टर नाही. तालुक्याच्या गावात माझं मेडिकल आहे आणि मानसोपचाराच्या चिठ्ठ्या रोज हातातून जातात. डोस किती असावा हे सांगणं माझं काम नाही. पण काउंटरच्या या बाजूने जे दिसतं ते डॉक्टरांनाही कधीकधी दिसत नाही, म्हणून लिहितोय.

तुम्ही लिहिलंय की रात्री एक गोळी आहे, एस्सिटालोप्रॅम 10 आणि क्लोनाझेपाम 0.5. झोप लागायला लागली, धडधड कमी झाली. मग पट्टीवर लाल अक्षरांत ‘एनआरएक्स’ दिसलं, ते गुगलवर टाकलं आणि झोप पुन्हा उडाली. ते लाल अक्षर पाहून आपण ‘ड्रग्ज’ घेतोय असं बऱ्याच जणांना वाटतं. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम ही औषधं 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांवरच्या कायद्याच्या यादीत येतात, म्हणून तो छाप असतो. अल्प्राझोलाम तर शेड्यूल एच-1 मध्येही आहे, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांच्या जास्त कडक यादीत. मार्च 2014 पासून ते देताना आम्हाला पेशंटचं आणि डॉक्टरांचं नाव वेगळ्या रजिस्टरात लिहावं लागतं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. केमिस्ट चिठ्ठी मागतो तेव्हा तो तुमच्यावर संशय घेत नसतो.

आता मुद्द्याचं. तुमची गोळी एक दिसते, पण आत औषधं दोन आहेत आणि दोघांचा स्वभाव अगदी वेगळा. एस्सिटालोप्रॅम हे मुख्य औषध. ते रोज घ्यायचं, महिनोन्‌महिने घ्यायचं, आणि गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. सुरुवातीच्या दिवसांत तर त्याने काहींची घालमेल उलट वाढते. तोवर पेशंटने दिवस काढायचे कसे? म्हणून सोबत क्लोनाझेपाम. ते पहिल्याच रात्री काम करतं, कारण मेंदूला शांत करणारी जी ‘गाबा’ नावाची यंत्रणा आहे तिचा जोर ते थेट वाढवतं. नवं घर बांधताना परांची लागते तसं ते आहे, स्लॅब पक्का झाला की उतरवायचं.

सवयीची जी भीती तुम्ही वाचलीत ती मुख्यतः या दुसऱ्या औषधाची, आणि ती खोटी नाही. रोज घेतलं की मेंदू त्या मदतीचा हिशोब धरूनच चालायला लागतो. डॉक्टरांनी सांगितलं तसंच, एकही गोळी जास्त न घेता घेतलं, तरी हे होऊ शकतं. त्यात पेशंटचा काही दोष नाही, आणि गोळीसाठी खोटं बोलणं, चार दुकानं फिरणं, डोस स्वतःच वाढवत नेणं हे प्रकरण निराळं. क्लोनाझेपाम ज्या गटातलं आहे त्या बेन्झोडायझेपीन औषधांना साठहून अधिक वर्षं झाली. लिब्रियम 1960 मध्ये आलं, व्हॅलियम 1963 मध्ये. ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने 1988 मध्येच सांगून ठेवलं की ही दोन ते चार आठवड्यांपुरती द्यावीत. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, 2020 मध्ये या सगळ्या गटावरचा इशारा अधिक कडक केला.

मग घोटाळा होतो कुठे? मला विचाराल तर जोडगोळीत. परांची आणि घर एकाच पट्टीत बांधलेलं असलं की परांची उतरवायची आठवण कुणालाच राहत नाही. पहिल्या महिन्यात बरं वाटतं, पेशंट पुन्हा दवाखान्यात जात नाही. फी आहे, एसटीचा खर्च आहे, वर ‘वेड्याच्या डॉक्टरकडे’ कुणी पाहील ही धास्ती आहे. चिठ्ठी मात्र पाकिटात जपून ठेवलेली असते.

“काका, ही चिठ्ठी गेल्या वर्षीची आहे.”

“अरे, गोळी तीच आहे ना? तू दे. मला काही त्रास नाही.”

हा संवाद माझ्या दुकानात इतका होतो की पाठ झालाय. त्यांना खरंच काही त्रास नसतो. पण विचारलं तर गोळीत दोन औषधं आहेत हेच ठाऊक नसतं. वय साठीच्या पुढे असेल तर मला त्यांच्या सवयीपेक्षा जास्त काळजी रात्री बाथरूमला उठताना तोल जाण्याची वाटते. विसरभोळेपणाही मग वयाच्या खात्यावर टाकला जातो.

याच्या उलट टोकाचे लोक म्हणजे कुणीतरी घाबरवलं म्हणून एका रात्रीत सगळं सोडणारे. बरेच दिवस चालू असलेली गोळी अशी सोडली की झोप जाते, हात थरथरतात, घाम सुटतो, जीव घाबरा होतो. डोस मोठा असेल तर फिटसुद्धा येऊ शकते. वाईट म्हणजे ही लक्षणं मूळ आजारासारखीच दिसतात. माणूस म्हणतो, बघा, गोळीशिवाय मी जगूच शकत नाही. जोडगोळी सोडली की एस्सिटालोप्रॅमही त्याच रात्री बंद होतं, त्याची चक्कर आणि चिडचिड वेगळीच. अर्धी करून खाणं हाही उपाय नाही, कारण जे टिकवायचं तेही अर्धं होतं.

तीन आठवड्यांवर तुमची वेळ खरं तर चांगली आहे. पुढच्या भेटीत डॉक्टरांना सरळ विचारा: “क्लोनाझेपाम कधीपर्यंत आहे, आणि ते उतरवणार कसं?” दोन्ही औषधं वेगवेगळ्या गोळ्यांत लिहून देता येतील का, हेही विचारा. क्लोनाझेपाम 0.25 मध्येही मिळतं, त्यामुळे टप्प्याटप्प्याने कमी करायला सोपं जातं. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांसाठी अमेरिकेतल्या 2025 च्या मार्गदर्शक सूचना सुरुवातीला दोन ते चार आठवड्यांनी पाच-दहा टक्के इतक्या संथपणे कमी करायला सांगतात. तुम्हाला इतकं लांबवावं लागेलच असं नाही, पण ते गणित डॉक्टरांनी मांडायचं. प्रश्न विचारल्याचा राग येत असेल तर डॉक्टर बदला, गोळी बदलू नका. भीतीवर बोलून उपचार करणारे समुपदेशक जवळ असतील तर तेही विचारा. परांची उतरवताना त्याचा मोठा आधार होतो. जवळपास कुणीच नसेल तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

या गोळीवर दारू अजिबात नको, एक पेगसुद्धा. पाठदुखीसाठी कुणी ट्रॅमाडॉल दिलं किंवा खोकल्यासाठी कोडीनचं सिरप दिलं तर ही गोळी चालू आहे हे आधी सांगा, कारण एकत्र घेतल्यास श्वास मंदावू शकतो. सकाळी डोकं जड वाटत असेल तर गाडी चालवू नका, मागे बसा.

आणि पट्टीत चार-पाच गोळ्या उरल्या की तेव्हाच अपॉइंटमेंट घ्या. दिवाळीत गावी जाऊन गोळ्या संपल्या, डॉक्टर सुट्टीवर आणि तिथला केमिस्ट चिठ्ठीशिवाय देत नाही, असे फोन मला दरवर्षी येतात.